कान्होजीकाकांच्या टेबलाचे सिंह

आमच्या शेजारचे कान्होजीकाका गुडघ्यांवर रुसले होते की गुडघे काकांवर, हे वैद्यालाही कळलं नाही. पाटावर बसवेना, एवढं खरं. खाटेवर ताट घेऊन एकटेच जेवायचे आणि चार घासांत हात धुवायचे. सून विजया माझ्याकडे येऊन डोळे पुसायची, "मंदाताई, मामंजी वाळत चाललेत हो."

मुलगा सूर्याजी बिर्लानगरला गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. त्यानं खोक्यांच्या फळ्या जोडून, खाली बांबू ठोकून घरीच जेवायचं टेबल केलं. खुर्च्या माझ्याकडच्या. काकांनी बघितलं न बघितलं आणि म्हणाले, "बांबूंवर जायचंच आहे मला. आत्तापासून सवय कशाला?"

सूर्याजी हट्टी. टेबलाला नक्षीदार पाय शोधायला निघाला. आमच्या शहरातली राजधानी नुकतीच भोपाळला हललेली, बदली झालेल्या बाबूंचं सामान पडावावरच्या जुन्या बाजारात ढिगानं विकायला आलेलं. पलंगाचे पाय मिळाले ते एकमेकांशी न बोलणारे, एक आखूड, एक लांब. पियानोचे मिळाले ते माझ्या कमरेहून जाड. (हसू नका, माप सूर्याजीनंच काढलं, नुसत्या नजरेनं.) शेवटी एका भंगारवाल्याकडे चार लाकडी सिंह सापडले, बंद पडलेल्या नाटकमंडळीच्या सिंहासनाचे पाय.

"ले जाओ भैया," तो म्हणाला, "साहब लोग भोपाल चले गए, शेर बेचारे यहीं रह गए."

सिंह टेबलाखाली बसले. सोनेरी रंग उडालेला, एकाच्या मिशा गेलेल्या, पण ऐट कायम. काका काठी टेकत आले, सिंह पाहिले आणि कमरेत वाकून मुजरा केला. मग तसेच उभे!

"आबा, बसा ना," सूर्याजी म्हणाला.

"सिंहासनापुढं बसू? अक्कल आहे का?"

"अहो काका, नाटकातलं आहे ते!" मी म्हटलं.

"असेना. आता खरी राज्यं तरी कुठं उरलीत?"

काकांची सगळी नोकरी संस्थानाच्या दरबारात उभ्यानं झालेली. बसायचा मान सरदारांना. पुरणपोळी निवत चालली, काकांचे गुडघे थरथरू लागले आणि सूर्याजीचं तोंड एवढंसं झालं.

विजया आत गेली. डोक्यावर पदर घेऊन, तबकात विडा आणि अत्तर घेऊन आली. काकांच्या हाताला अत्तर लावून म्हणाली, "मामंजी, आजपासून आपल्याला बैठकीचा मान."

"कुणी दिला?"

"या घरानं."

काकांनी विडा घेतला, कपाळाला लावला. "हुकूम आहे म्हटल्यावर..." म्हणत खुर्चीवर टेकले. टेकले कसले, विराजमानच झाले!

"सूर्याजी, डावीकडं बस. सूनबाई, तू उजवीकडं."

मीही खुर्ची ओढली.

"मंदे, तू नाही. खबऱ्यांनी दाराशी उभं राहायचं."

राहिले उभी. तिथून काका दुसरी पोळी मागताना फार छान दिसत होते.