आडवी घडी

आमच्या वस्तीतल्या बायकांच्या अडाणीपणामुळे सरपंचपद गेलं, असं कुणी म्हटलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेलं नव्हतं हो, मिळालंच होतं! ते सरकारी कागदावर यायला पाचातली साडेचार वर्षं गेली, एवढंच. आणि तेवढा सगळा काळ आम्ही हायवे ओलांडून पाणी भरत होतो.

आमची वस्ती नावाला सोसायटी. पर्वत पाटियाच्या पुढे, हायवेला लागून, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. पत्त्यात सुरत, पण हद्द ग्रामपंचायतीची. बहुतेक घरं खानदेशातली. पुरुष लूमवर, आणि बायका घरी साड्यांच्या घड्या घालायच्या. मार्केटमधून टेम्पो गठ्ठे टाकून जायचा, संध्याकाळी घड्या घातलेल्या साड्या घेऊन जायचा. पंचायतीची पाण्याची टाकी होती, पण हायवेच्या पलीकडे जुन्या गावात. नळाची लाइन गावातच संपायची. आम्ही हंडे घेऊन ट्रकांच्या मधून पळत जायचो आणि भरल्या हंड्यानं पळत यायचो. नव्वदच्या दशकातलं बोलतेय मी, तेव्हा त्या रस्त्याला ना दुभाजक ना दिवा.

त्या रस्त्यानंच मावशीचा पाय मोडला. मावशी म्हणजे माझी सख्खी नव्हे, सगळ्या वस्तीची. भुसावळकडची, नवरा रेल्वेतून रिटायर झालेला, दारावर निळा झेंडा. भरला हंडा डोक्यावर, मागून टेम्पोचा हॉर्न, आणि ही घाईत पडली. पाय जुळला तो वाकडाच. पुढे सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा ती लंगडत आमच्या दारात आली आणि माझ्या मायला म्हणाली, "मी उभी राहतेय. मला खुर्ची नको, झेंडा नको. हायवेखालून नळ आणायचा, बस्स. तेवढं झालं की घरी बसेन."

माय साडीवरून मान वर न काढता म्हणाली, "तू उभी राह्य वं, मी शे." म्हणजे मी आहे. माय खंडीभर बोलणारी बाई नव्हती. तिचं 'मी शे' म्हणजे कोर्टाचा स्टँपपेपर.

मावशीला निशाणी मिळाली बादली. आम्ही हसून हसून लोळलो. ज्यांच्या दारात पाणी नाही त्यांना बादली! समोर जुन्या गावातली एक बाई होती, तिची निशाणी शिडी. बाकीच्या उमेदवारांचं सोडून द्या, त्यांना त्यांच्या घरच्यांनी तरी मतं दिली की नाही कोण जाणे.

मतदानाच्या दिवशी वस्तीतली एक बाई घरी राहिली नाही. नव्या बांगड्या, केसांत फुलं, लग्नाला निघाल्यासारख्या. मायचं गावाकडच्या यादीतलं नाव मत द्यायच्या आधीच उडालेलं, त्यामुळे तिचं हे पहिलंच मत. बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई मला दाखवत म्हणाली, "दाबीसन मारा शिक्का." दाबून मारला, हे सांगताना केवढी खूश!

मतमोजणी तालुक्याच्या कचेरीत होती. मी तेव्हा कॉलेजात. गुजराती लिहिता-वाचता येणारी, वर जिभेला हाड नसलेली, म्हणून मावशीनं टेबलापाशी तिच्या वतीनं मलाच बसवलं. दुपारपर्यंत बादली पुढे होती. मग आमच्या बूथची पेटी उघडली आणि मोजणारा एकेक मतपत्रिका बाजूला टाकायला लागला. "बे सिक्का छे. रद." दोन शिक्के आहेत, बाद. परत एक. "बे सिक्का. रद."

मी वाकून पाहिलं. बादलीवर शिक्का ठसठशीत होता. शिडीवरही एक होता, फिकट. आणि कागदाच्या मधोमध आडवी घडी होती, इतकी काटेकोर की मला क्षणात कळलं हे कुणाचे हात आहेत. साडीची घडी अशीच सुरू होते. वरचा काठ खालच्या काठावर आणायचा आणि वरून तळहाताची सणसणीत थाप. मतपत्रिका आधी उभी दुमडायची असते, म्हणजे शाई लागली तरी त्याच उमेदवाराच्या नावावर लागते. ते आमच्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी दिवसभर साड्या दुमडणारा हात ऐकतोय कुठला! बादली वरून दुसरी, शिडी खालून दुसरी. ओली शाई थाप बसल्याबरोबर बादलीवरून शिडीवर गेली होती.

"साहेब, हा शिक्का नाही, डाग आहे!" मी ओरडले. "उलटा उमटलाय बघा. घडी घालून बघा, बरोबर त्याच्यावरच बसतो!"

मोजणीचे मोठे साहेब वयस्कर होते, सकाळपासून पंख्याखाली बसून डोळे लाल झालेले. वाईट माणूस नव्हता. त्यांनी दोन कागद हातात घेतले, पुढे-मागे केले आणि म्हणाले, "बेन, मला दोन खुणा दिसतात. दोन खुणा म्हणजे बाद. मी काय करू?"

मावशी हरली. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी. बाहेर वस्तीतल्या बायका कचेरीच्या फाटकाला धरून उभ्या होत्या. आत काय झालं ते मी जाऊन सांगितलं आणि एकच कालवा झाला. "फरी गणो! फरी गणो!" परत मोजा, परत मोजा. गुजरातीत ओरडत होत्या, म्हणजे साहेबाला कळावं म्हणून. फेरमोजणी झाली. पण कशाची? चांगल्या मतांचे गठ्ठे परत मोजले. बादचा गठ्ठा साहेबांनी वरवर चाळला आणि दोरा बांधून ठेवून दिला. आकडा तोच. संध्याकाळी पलीकडून फटाके वाजले.

घरी आले तर मायनं साड्यांचा गठ्ठा सोडलेला नव्हता. कधी नव्हे ती रिकामी बसली होती. तिच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. "मन्हं मत त्यामां व्हतं का वं?" तिनं विचारलं. माझं मत त्यात होतं का?

काय सांगणार? मतपत्रिकेवर नाव थोडंच असतं! पण घडी तर मी पाहिली होती. "माहीत नाही," मी म्हणाले. माय आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मला इतका राग आला, इतका, की बादचा तो गठ्ठा पळवून आणावा आणि साहेबाच्या टेबलावर एकेक कागद दुमडून दाखवावा असं वाटलं. आणि मायची दयाही आली. पहिलं मत दिलं बाईनं, आणि तेच हातानं पुसलं गेलं की काय ही बोचणी घेऊन बसली.

मावशीनं सुरतच्या कोर्टात अर्ज केला. सुरुवातीला वस्ती पेटलेली. पहिल्या तारखेला रिक्षा भरभरून बायका गेल्या, भाकरीची फडकी बांधून, जणू त्याच दिवशी निकाल घेऊनच येणार. निकाल कसला! 'मुदत पडी.' हे दोन गुजराती शब्द आमच्या वस्तीत लहान पोरंसुद्धा शिकली. पुढची तारीख पडली. साहेब रजेवर, मुदत पडी. वकिलांचा संप, मुदत पडी. न्यायाधीशांची बदली झाली, नव्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं, मुदत पडी. पेटी तालुक्याहून मागवायची तर तिथला कारकून म्हणे किल्ली दुसऱ्याकडे. कोर्टाच्या एका फेरीला दिवसाच्या घड्या बुडायच्या. हळूहळू रिक्षा एकच झाली, मग त्यातही जागा उरायला लागली.

पाण्याची तर शोभा विचारू नका. सरपंचाची सही घ्यायला गेलं की शिडीवाल्या बाईंचे लोक म्हणायचे, मत बादलीला दिलं ना, जा मग तिच्याकडे. मावशीकडे गेलं की ती म्हणायची, अगं माझ्या सहीला कोण विचारतं! हायवेवर हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायका आधी साहेबांना शिव्या घालायच्या, मग कोर्टाला, आणि शेवटी शेवटी मावशीलाच. "कशाला गेली कोर्टात? गपगुमान बसली असती तर सरपंचबाईच्या हातापाया पडून तरी नळ मागितला असता." मी भांडायला उठायचे, पण माय माझा हात धरायची. "बोलू दे. डोकावर हंडा शे त्यास्ना." आणि स्वतः मुकाट हंडा उचलायची.

एका तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बसायला एकच बाकडं मोकळं होतं. एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला सरपंचबाई, मध्ये मी आणि माय. दुपार झाली तरी पुकारा नाही. सरपंचबाईंनी डबा उघडला, थेपले काढले, आणि न बोलता डबा आमच्याकडे सरकवला. मावशीनं आमची चटणी पुढे केली. खाता खाता त्या बाईच बोलल्या. "मने तो सही करतां बीक लागे छे." मला तर सही करायची भीती वाटते. "घरचे म्हणतात बस, कोर्ट म्हणतं थांब, गाव म्हणतं हिची खुर्ची खरी की खोटी कुणास ठाऊक. तुमच्या लाइनचा कागद दोनदा पुढे आला. वकील म्हणाले, केस मिटेपर्यंत मोठ्या कामाला हात लावू नका."

त्या दिवसापर्यंत मी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! त्यानंतर जमेना. तीही आमच्यासारखीच लटकलेली होती, फक्त खुर्चीत.

शेवटी पेटी आली. न्यायाधीशबाईंनी बादचा गठ्ठा सोडला, एक कागद उचलला आणि कुणी न सांगता तो घडीवर दुमडला. डागावर शिक्का बसला. मग दुसरा, मग तिसरा. एवढंच तर करायचं होतं! एवढ्यासाठी वर्षांमागून वर्षं घातली. निकाल मावशीचा लागला. बादलीची मतं मोजली गेली आणि ती सरळ पुढे गेली.

मावशी लंगडत पंचायतीत गेली, खुर्चीत बसली. पहिल्याच ग्रामसभेत नळाच्या लाइनचा ठराव मांडला. हात वर करणाऱ्यांत जुन्या गावातून पहिला हात थेपलेवाल्या बाईंचा होता. पण ठराव तालुक्याला पोचेपर्यंत पुढची निवडणूक लागली आणि सगळे कागद होते तिथेच थांबले. मावशी परत उभी राहिली. निशाणी मागून घेतली, बादलीच.

मतदानाला मी मायच्या पाठीमागेच रांगेत होते. माय पडद्याआड गेली आणि येईचना. मागच्या बायका उसासे टाकायला लागल्या. टेबलावरचा अधिकारी, कुठल्याशा शाळेतला तरुण मास्तर असावा, हाका मारायला लागला, "माजी, शुं करो छो?" आई, काय करता?

आणि माय बाहेर आली. मतपत्रिका उघडी, दोन्ही तळहातांवर आडवी धरलेली, वर तोंडानं फुंकर चालू. बादलीवरचा शिक्का दारापर्यंत दिसत होता.

"घडी करो माजी! घडी करो!" मास्तर खुर्चीतून उठला. "असं दाखवायचं नसतं, बाद करावं लागेल!"

बाद हा शब्द ऐकला आणि माय जागच्या जागी थिजली. मी मागून म्हणाले, "माय, दुमड, उभी दुमड." पण तिचे हात हलेनात. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "वाळू दे भाऊ," ती म्हणाली, "एवढं वाळू दे. मांगलावक्ती मन्हा हातखाले मरी गयं." मागच्या वेळी माझ्या हाताखाली मेलं.

मास्तरला शब्द कळले असतील-नसतील. पण तो मायकडे बघत राहिला. मग त्यानं वळून भिंतीकडे तोंड केलं आणि आपल्या माणसांनाही म्हणाला, तिकडे बघा. सगळं टेबल भिंतीकडे बघत बसलं. मायनं शाईवर बोट टेकवून पाहिलं, कागद उभा दुमडला, मग आडवा, आणि पेटीत टाकला. तिच्यामागून आमच्या वस्तीतली प्रत्येक बाई पडद्याआड फुंकर घालत उभी राहिली. रांग हायवेपर्यंत गेली, पण त्या दिवशी कुणी उसासा टाकला नाही.

मोजणीला परत मीच होते. संध्याकाळी धापा टाकत घरी पळत आले. मावशी निवडून आली, भरभक्कम मतांनी आली, हे दारातूनच ओरडून सांगितलं. मायनं मान वर केली नाही. पुढ्यात साडी होती, वरचा काठ खालच्या काठावर आणलेला, हात वरच थांबलेला.

"रद कितल्या?" तिनं विचारलं.

"आपल्या बूथवर? एकबी नही, माय."

मग तिचा तळहात साडीवर खाली आला, थाप वाजली. "मंग पानी येई," ती म्हणाली.