पेशीवरच्या टिकल्या

बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा रिपोर्ट डॉक्टरबेननी दोनदा वाचला आणि सांगितलं, स्तनाचा कॅन्सर आहे. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर घरी पडलेल्या आठ साड्या कोण पुऱ्या करणार! वेडीच मी.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. आमचे हे भेस्तानच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मी घरी साड्यांवर गोंदाने टिकल्या चिकटवायची. गाठ हाताला लागली तेव्हा वाटलं, वाकून शीर आखडली असेल. तीन महिने तेल चोळलं. बायांनो, तुम्ही असं करू नका.

ऑपरेशन झालं. मग केमो, म्हणजे सलाइनमधून कडक औषध, सहा डोस. मी विचारलं, हा पसरतो कसा? बेननी सांगितलं, पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. त्या जोडणारे एन्झाइम म्हणजे पेशीतले कारागीर. कॅन्सरमध्ये ते भलतंच काही जोडतात, मग पेशी सुटून दुसरीकडे जाऊन बसते. यावर शोध चालू आहे, औषध अजून नाही.

मी त्यातली साखर तेवढी धरली. डबाच जावेकडे देऊन टाकला. गूळ, केळी, भात बंद, भाकरी अर्धी. शेजारच्या गुजराती बाईंची गोड दाळ परत पाठवली. वाटायचं, मी कॅन्सरला उपाशी मारतेय. हे समजवायला आले तर म्हटलं, मरायचं मला आहे की तुम्हाला? बोलू नये ते बोलले.

तिसऱ्या डोसला रक्त कमी निघालं, वजन सहा किलो उतरलेलं. डोस पेलणार नाही म्हणून पुढे ढकलला. बाकावर बसल्या बसल्या मी बेनना सांगून टाकलं, साखर कशी सोडली ते.

बेननी सगळं ऐकून घेतलं. "टिकली भलत्या जागी लागली तर दोष टिकलीचा की हाताचा?"

"हाताचा."

"मग? ती साखर पेशी स्वतःच बनवते. बिघडलेत ते हात. उपाशी राहून तू वाळशील, तो नाही."

घरी आले, डबा परत आणला, चहा केला. ह्यांनी कपात तीन चमचे साखर घातली, एक घोट घेतला आणि डोळे मिटून बसले. मग डब्यामागोमाग आलेली जाऊ बोलली. दीड महिना हे कारखान्यातही फिकाच चहा पीत होते म्हणे.

पंधरा दिवसांनी तिसरा डोस झाला, पुढे सहाही पुरे झाले. आज मी बरी आहे. पण मरायचं कुणाला आहे, हे त्या माणसाला मी विचारायला नको होतं.