आईचं मंदावणं

येळ्ळूरच्या शिवारात आई भात लावायला उतरली की बाकीच्या बायका मागं पडायच्या. हात चालायचे तेवढंच तिचं तोंडही चालायचं. मी बेळगावात एम.एस्सी. करत होते त्या वर्षी ही बाई मंदावत गेली. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची. एप्रिलच्या उन्हातही स्वेटर घालून बसायची. आवाज घोगरा झाला. आप्पा म्हणायचे, "वय झालं आता." काकू म्हणायची, "आळस शिरलाय अंगात, दुसरं काय न्हाय." मीही कमी नव्हते. डब्याला उशीर होऊन बस चुकली की आईवरच ओरडायची.

मग एकदा सरांनी हार्मोनचे रिसेप्टर शिकवायला घेतले. थायरॉइडचं हार्मोन थेट पेशीच्या केंद्रकात जातं, ते म्हणाले. तिथं त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखणारं प्रथिन, जनुकांना धरून बसलेला असतो. हार्मोन आलं नाही तर तो कितीतरी जनुकं दाबून ठेवतो, आणि सगळ्या शरीराचं काम मंदावतं. फळ्यावर त्यांनी लक्षणं लिहिली. थंडी, सुस्ती, सुजलेला चेहरा, घोगरा आवाज. लिहून घेता घेता माझा हात थांबला. ती सगळी आई होती.

दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?"

परतताना बसमध्ये आईनं विचारलं, "काय झालंय गं मला नेमकं?"

मी म्हटलं, "गळ्यात एक ग्रंथी असते. कामाला लागा म्हणून तिच्याकडनं अंगातल्या पेशींना निरोप जातो. तुझ्या पेशींना तो पुरेसा पोचत न्हाय."

"म्हंजे मी आळशी न्हाय?"

"न्हाय गं."

आई माझ्याकडं वळून बसली. मग म्हणाली, "हेच सगळं घरी गेल्यावर तुझ्या काकूला सांग. एक शब्द सोडू नकोस."

मी सांगितलं. त्या संध्याकाळची भाकरी काकूनंच थापली.

डॉक्टरांनी दिलेली गोळी सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी घ्यायची होती, आणि पुढं अर्धा तास चहा बंद. आईला चहाशिवाय राहवायचं नाही. मग आप्पाही थांबू लागले. दोघं पायरीवर नुसतेच बसायचे. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांना असं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. अर्धा तास झाला की आप्पा उठून स्वतः चहा ठेवायचे, आणि साखर जास्त पडली म्हणून आई तिथूनच, पुन्हा खणखणीत झालेल्या आवाजात, त्यांना बोलायची.

आता मी पुण्यात हाच धडा शिकवते. आई जाऊन तीन वर्षं झाली. वर्गात फळ्यावर तो रिसेप्टर काढताना अजूनही मला त्या पायरीवरून आप्पांना बोलणारा आईचा आवाज ऐकू येतो.