केरबाचं एकच माप

कुंडलच्या दूध केंद्रावर सुलाबाईला कुणी नुसतं बरं आहे का विचारलं, तरी ती आधी टेबलावरचा कॉम्प्युटर दाखवायची. "आमच्या समीनं केलंय ह्ये." समीक्षा सांगलीत प्रोग्रॅम लिहायची नोकरी करत होती आणि दूध मोजून नावावर चढवणारा हा प्रोग्रॅम तिचाच. कौतुक जरा अतीच होत होतं, पण आईचं तोंड कोण धरणार?

एप्रिलात सगळ्या गावाची नावं त्यात चढली आणि मशीन अडायला लागलं. किटली काट्यावर ठेवली की आकडा हलत राहायचा आणि स्क्रीन मध्येच थिजायची. रांग रस्त्यापर्यंत जायची, उन्हात. बायका कुरकुरल्या की सुलाबाई ठासून सांगायची, "लाईटीचा घोळ हाय, लेकीचा न्हाई."

त्या रविवारी समीक्षा घरी आली होती, म्हणून आईबरोबर रांगेत उभी राहिली. पुढं धोंडुबाई होती. नवरा गेलेला, दावणीला एकच म्हैस. तिचा नंबर लागेपर्यंत दूध नासलं. केंद्र चालवणारा केरबा मान खाली घालून म्हणाला, "आवं काकू, ह्ये घेता येत न्हाई." धोंडुबाई भांडली नाही. किटली उचलून घरी गेली. 

समीक्षा तिथंच कॉम्प्युटरसमोर बसली. शेजारी केरबा फॅट तपासायला नमुना काढत होता. माप किटलीत बुडवायचं, ओतायचं, विसळायचं, पुढची किटली. सगळ्या गावाला एकच माप. त्यानं दर किटलीला नवं माप आणून वापरलेलं पायाशी टाकलं असतं, तर ढीग आवरायला दूध घेणंच थांबवावं लागलं असतं.

आणि तिनं नेमकं तेच केलं होतं. काटा सेकंदाला वीसदा आकडा पाठवायचा आणि दर आकड्याला तिचा प्रोग्रॅम गावातल्या तीनशे दूधवाल्यांची यादी मेमरीत नव्यानं बनवायचा, आधीची टाकून द्यायचा. टाकलेलं आवरायला प्रोग्रॅमच्या त्या भाषेत आपोआप झाडणारा असतो, म्हणून तिनं फिकीर केली नव्हती. पण तो झाडत असताना बाकीचं काम थांबतं. ऑफिसातल्या दणकट मशीनवर दहाच नावं घालून तपासताना हे कळलंच नव्हतं. इथला जुना कॉम्प्युटर मात्र सारखा झाडतच बसला होता.

यादी बनवायच्या ओळी तिनं दर आकड्याला फिरणाऱ्या फेऱ्यातून बाहेर काढल्या. आता यादी सकाळी एकदाच बनणार होती. चार ओळींचं काम. तिला रडूच आलं.

घरी तिनं आईला सगळं खरं सांगितलं. "लाईटीचा घोळ न्हवता आई. चूक माझीच हुती." सुलाबाई भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत रांग संपत आली. एका नव्या सुनेनं हौसेनं विचारलं, "आवं काकू, ह्ये मशीन कुणी केलंय वं?"

सुलाबाईनं पुढं उभ्या असलेल्या धोंडुबाईकडं पाहिलं.

"असंल कुणीतरी सांगलीचं," ती म्हणाली.

आईची किटली धरून समीक्षा तिच्या मागंच उभी होती.