जर्मनबाईंची भरती

आज मी जर्मनीत, समुद्राकाठच्या एका हॉटेलात नोकरीला आहे, तो जर्मनबाईंच्या जिवावर. आणि जर्मनबाई जुळे सोलापूरच्या. समुद्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला.

टॉवेलच्या कारखान्यात बसून बाईंनी जन्मभर जर्मन गिऱ्हाइकांना पत्रं लिहिली आणि निवृत्त झाल्यावर जर्मनच्या शिकवण्या सुरू केल्या. मी मोडनिंबचा, नववीतच शाळेला रामराम ठोकलेला. ओळखीतून या नोकरीचं कळलं. हॉटेलवालीने समुद्रकाठचे शब्द इंग्रजीतून पाठवले; ते आधी जर्मनमध्ये पाठ कर, मग व्हिडिओवर मुलाखत, असं तिचं म्हणणं. मला दोन्ही भाषा सारख्याच परक्या. शब्दांचा कागद घेऊन बाईंच्या दारात उभा राहिलो.

"घाबरतोस काय? समुद्र म्हणजे हिप्परग्याचा तलावच, फक्त मीठ जास्त झालेलं," बाई म्हणाल्या.

बाईंचं भाषांतर असं सोलापुरातूनच जायचं. सीगलला जर्मनमध्ये म्योवे. "कावळाच, पण गोरा." सनबर्नला झोननब्रांट. "आपल्याकडे याला मे महिना म्हणतात." किनाऱ्यावरच्या झाकणवाल्या खुर्चीला ते लोक श्ट्रांडकोर्ब, म्हणजे किनाऱ्यावरची टोपली म्हणतात. यावर बाईंनी चष्मा काढून पुसला. "टोपलीत बसून पाणी बघतात. बघू देत. आपल्याला टॉवेल खपल्याशी मतलब."

मग आली भरती आणि ओहोटी, फ्लूट आणि एब्बं. बाईंनी बिल्डिंगच्या अंगणातल्या नळाकडे बोट दाखवलं. "पाणी आलं की फ्लूट, गेलं की एब्बं. पाठ कर." ज्याच्या मुलखात चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्याला याहून सोपं काय सांगणार?

बाईंच्याच घरून दिलेल्या मुलाखतीत हॉटेलवालीने तेच विचारलं. ओहोटीत पाहुणे लांब चिखलात फिरायला गेलेत आणि फ्लूट येतेय, तर काय ओरडशील? मी छाती काढून जर्मनमध्ये ओरडलो, "पाणी आलं! बादल्या घ्या, पुढं पळा!"

हॉटेलवालीचा चेहरा पांढराफटक. माझी नोकरी गेलीच होती. तेवढ्यात शेजारी बसलेल्या जर्मनबाईंनी मला कोपराने बाजूला ढकलून स्क्रीनमध्ये डोकं घातलं आणि फाडफाड जर्मनमध्ये सुनावलं, "आमच्याकडे पाण्याकडेच पळतात. चूक माझी आहे. आठवडाभर द्या, याला उलटं पळायला शिकवते." हॉटेलवाली हसली, आणि आठवडा मिळाला.

पुढच्या वेळी नळाला पाणी आलं तेव्हा अख्खी बिल्डिंग घागरी-बादल्या घेऊन खाली धावत होती आणि मी एकटा जिन्याने वर पळत होतो. गच्चीच्या दारात बाई उभ्या, "त्सुरुक! त्सुरुक!" म्हणजे मागं फिरा, असं ओरडत.

खालच्या मजल्यावरच्या आजी घागर कमरेवर घेऊन थबकल्या. "अवो बाई, पानी खाली आलंय की! पोराला वर कशाला हाकलताय?"

"त्याला जर्मनीला जायचंय."

"मग? तिकडं पानी गच्चीवर येतं व्हय?"

त्या दिवशी बाईंच्या घरात थेंब भरला गेला नाही. पुढचं पाणी येईपर्यंत त्यांनी शेजाऱ्यांकडून कळशी-कळशी मागून आणलं, आणि आठवड्याने पुन्हा झालेल्या मुलाखतीत मी पास झालो.

आता मी इथं रोज "त्सुरुक" ओरडतो आणि गोरे लोक निमूट मागं फिरतात. अजूनही पाणी येताना दिसलं की माझे पाय पुढं जायला बघतात, मग धडकी भरते. रात्री झोप येईना की मी बाईंना फोन लावतो. त्या 'हॅलो'च्या आधी विचारतात, "पाणी आलं का?"

"आलं की. दिवसातून दोनदा येतं, बाई."

"दोनदा! आणि लोक पळून जातात? माजलेत नुसते."

बाई, माझा शब्द आहे. एक दिवस तुम्हाला इथं आणीन, त्या टोपलीत बसवीन. भरती आली की बाकी सगळ्यांना ओरडून मागं बोलवीन. तुम्ही मात्र खुशाल पुढं व्हा. बादली मी धरतो.