चित्रकलेच्या बाईंनी काढलेलं बचतीचं वर्तुळ

मुख्याध्यापिकांनी चित्रकलेच्या बाईंना बोलावून सांगितलं, यंदापासून सातवीला पैशाचं नियोजन आणि करिअर असा नवा विषय आहे आणि तो तुम्ही शिकवायचा. "मी? गणिताचे सर आहेत की," बाई चाचरत म्हणाल्या. सरांचे तास भरलेत, तुमचा मात्र चित्रकलेचा एक तास कमी केलाय, म्हणजे तुम्ही मोकळ्याच आहात, असं उत्तर मिळालं. या हिशेबात काहीतरी घोटाळा आहे असं बाईंना वाटलं, पण नेमका कुठे ते सांगता येईना. हो म्हणून त्या बाहेर आल्या. बाईंची सगळी नोकरीच अशी हो म्हणून बाहेर येण्यात गेली होती.

घरी नवरा पोट धरून हसला. "तू बचत शिकवणार? अगं, परवा एका ब्रशपायी बसचे पैसे उडवलेस आणि पायपीट करत घरी आलीस!"

"ब्रश चांगला होता," बाई म्हणाल्या, आणि हे उत्तर पुरेसं आहे असंच त्यांना वाटलं.

पुस्तक मिळालं तेही कोरडं ठक्क. उत्पन्नाचे भाग कसे पाडावेत यावर नुसते आकडे. बाईंना आकडे दिसत नाहीत, रंग दिसतात. त्यांनी मोठ्या कागदावर वर्तुळ काढलं. घरखर्च जांभळा, शिक्षण हिरवं, हौसमौज नारिंगी आणि बचत पिवळी. पुस्तकातली बचत अगदीच चिमूटभर होती, त्यामुळे जांभळ्याच्या शेजारी पिवळा जीव मुठीत धरून बसल्यासारखा दिसायला लागला. सगळं वर्तुळ एका अंगाला कललं. बाईंनी पिवळा वाढवला, हिरवा जरा आत ढकलला, लांब जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. आता तोल साधला. पुस्तकात काय होतं ते त्या विसरूनही गेल्या. मुलांनी वर्तुळ वहीत उतरवून घेतलं आणि घरोघरी नेलं.

पुढच्या महिन्यात एक टेलर शाळेत आले. त्यांच्या मुलीला सगळे 'पेन्सिल' म्हणत, कारण तिच्या केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली असे. शाळेत तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. गावातल्या एका चित्रकाराच्या रविवारच्या क्लासला बाईंनीच तिला घालायला लावलं होतं, त्यासाठी त्याच्याकडे खेटेही घातले होते.

"बाई, तुमचं वर्तुळ मशीनच्या वर चिकटवलंय," टेलर आनंदाने म्हणाले. "महिनाअखेरीला पहिल्यांदा हातात काही राहिलं बघा."

बाईंना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

"पोरीचा रविवारचा क्लासही बंद केला. हिरव्यात बसत नव्हता."

चढलेलं मांस तिथल्या तिथे उतरलं. खरं सांगावं, तर ज्या वर्तुळाने या माणसाचं भलं झालं तेच खोटं ठरणार. न सांगावं, तर एका गुणी पोरीचा हात बंद पडणार, आणि तोही पिवळा उठून दिसावा म्हणून! बाई नुसत्याच "बरं, बरं" म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"चूक कबूल कर आणि मोकळी हो."

"पण चुकीने त्यांचं बरंच झालंय ना."

"मग गप्प बस."

"आणि पोरीचं काय?"

नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला. एवढ्या गुंत्यात त्याला पडायचं नव्हतं, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर बाईंनी पेन्सिलला थांबवून घेतलं. "अगं, ते वर्तुळ चुकलंय. पिवळा मी उगीच मोठा केला, बरा दिसतो म्हणून. मी बोलते तुझ्या बाबांशी, क्लास परत सुरू होईल."

"मला माहितीये, बाई. मी पुस्तकात बघितलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"क्लास मलाच बंद करायचा होता. हिरव्यात बसत नाही, हे बाबांना मीच सांगितलं."

"तू? का गं?"

"करिअरच्या तासाला तुम्ही म्हणालात ना, जे काम करायचंय ते करणाऱ्या माणसाला जवळून बघा? मी तुम्हाला बघितलं." मुलगी उद्धटपणे बोलत नव्हती, काळजीने बोलत होती, आणि तेच बाईंना झोंबलं. "तुमच्याइतकी छान चित्रं कुणालाच येत नाहीत. तरी तुमचा तास काढून घेतला आणि तुम्हाला हे शिकवायला लावलं. जे तुम्हाला येतही नाही."

मनात पहिलं आलं तेच बाई बोलून गेल्या. "तू रविवारी माझ्या घरी ये. मी शिकवते. पैसे नकोत मला."

पेन्सिलने मान हलवली. "असं नाही चालत, बाई. आपल्या कामाचे पैसे मागायला लाजायचं नाही, असं तुम्हीच फळ्यावर लिहिलंत."

"बरं बाई, घेते. किती घेऊ?"

"ते मी कसं सांगू? तुम्ही सांगायचं. तुमचं काम आहे."

इतकी वर्षं चित्रकला शिकवून तिचं मोल काय, हे बाईंना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं. मुलगी समोर उभी राहून वाट बघत होती. बाईंना आकडा काही सुचेना.