मामांना दिसलेली झेंडी

हे आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. आईनं नाही, वसतिगृहात शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मित्रानं नाही. मामांनी तर — नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. औशाजवळच्या आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मला तिथवर नेलं ते मामांनी. ते ट्रेलरवर होते. साध्या ट्रकात न मावणारा माल — कारखान्याची यंत्रं, मोठाल्या टाक्या — अशा गाड्यांवरून जातो. मामांची जागा मालाच्या माथ्यावर. रस्त्यावर आडवी तार लोंबत असली की बेचक्याच्या बांबूनं ती उचलायची, गाडी खालून सरकू द्यायची, मग तार मागं सोडायची. आणि शिट्टी. ड्रायव्हरला वरचं काही दिसत नाही, तो शिट्टीवरच चालतो. एक लांब शिट्टी म्हणजे चल. दोन तुटक म्हणजे थांब.

त्या साली सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता, आणि लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता. या दोन गोष्टी मी का सांगतोय? कारण दोन्हींच्या आड लपता येतं. मी पुष्कळ दिवस लपलो.

नांदेडहून साखर कारखान्याचा बॉयलर निघाला होता. उन्हाळ्याची सुट्टी होती. मामांनीच ठेकेदाराला सांगून मला गाडीवर घेतलं — "आमचा भाचा कॉलेजात हाय, कागद वाचंल." नांदेडचा परवाना जिल्ह्याच्या हद्दीपर्यंतच चालला. पुढचा कुणी द्यायचा? कुणी म्हणे उस्मानाबाद, कुणी म्हणे आता लातूर. लातूरच्या नव्या कचेरीत साहेब होते, पण शिक्का अजून यायचा होता. गाडी हद्दीवर एका लिंबाखाली अडकून पडली. ड्रायव्हर सलीमभाई रोज मला डिवचायचे, "काय बालिस्टर, तुझा जिल्हा कधी चालू होनार हाय?" सगळे हसायचे. मीही हसायचो. मला ते लागत होतं हे कुणाला कळलं नसावं. मामांना कळलं असेल.

परवाना आला तेव्हा त्याच लिंबाखाली मी तो सगळ्यांना वाचून दाखवला. दिवसाउजेडीच चालायचं. मालाच्या दोन्ही टोकांना लाल कापड बांधायचं. आणि कुठलीही तार उचलण्याआधी गावच्या वायरमनला गाठून लाईन बंद करून घ्यायची. ही शेवटची अट मी दोनदा वाचली, आवाज चढवून. मामा मान डोलावत होते. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. अट मला माहीत नव्हती असं नाही ना? सगळ्यांत जास्त मलाच माहीत होती.

लाईन बंद करून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी सायकलवर पुढं जायचो. वायरमननं लाईन पाडली की गावाबाहेरच्या वळणावर उभं राहून हिरवी झेंडी दाखवायची. पाडली नसेल तर लाल. ती झेंडी दिसायची फक्त माथ्यावरच्या मामांना. बाकी सगळे खाली, बाभळींच्या आड. मग मामांची शिट्टी.

असं चार-पाच गावांत नीट झालं. मग ते गाव आलं. त्याचं नाव लिहीत नाही, त्या गावाचा काही दोष नाही.

वायरमन डीपीपाशीच सापडला. पण समोर हौद होता, हौदावर बोअरची मोटार, आणि घागरी-हंड्यांची ही रांग. लाईट नुकतीच आली होती. मी लाईन पाडायला सांगतोय हे कळताच एक बाई कमरेवर हात देऊन पुढं आली.

"काय रे पँटवाल्या, सकाळधरनं वाट बघून राहिलो आमी. आता कुठं पानी पडाया लागलं, अन् तू बंद कराया आलास व्हय?"

"तुझ्या गाडीला तहान लागली का आमाला?" दुसरी म्हणाली. बायका खो खो हसल्या.

वायरमन शांतपणे म्हणाला, "तासभर दम धर. हौद भरू दे, मग पाडतो."

तासभर. एवढंच होतं हो! मी डीपीपाशी बसून राहायचं होतं. किंवा परत जाऊन सांगायचं होतं — थांबावं लागेल. पण पुन्हा "काय बालिस्टर" ऐकायचं? मी सायकल काढली. मनात म्हटलं, गाडी बैलाच्या चालीनं येते, इथं पोचेपर्यंत हौद भरेल. असं मला खरंच वाटत होतं का? मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. वाटत नव्हतं. वाटावं अशी इच्छा होती.

वळणावर पोचलो. लांब बॉयलरच्या माथ्यावर मामा दिसत होते, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी बांबू वर करून विचारलं.

मी हिरवी झेंडी दाखवली.

लांब शिट्टी वाजली.

मला परत गावात पळता आलं असतं. हिरवी मी गुंडाळून ठेवली होती, लाल झेंडी काखेतच होती. मी तिथं उभा राहून गाडी जवळ येताना बघत राहिलो. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा मामा वरून हसले, आणि मीही हसलो. मग बांबू तारेला लागला, तार बेचक्यातून सटकली —

त्याच्यापुढचं लिहीत नाही.

मामा वाचले. उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. ते शुद्धीवर नव्हते तेव्हा पोलीस आले, ठेकेदार आला. वायरमननं खरं तेच सांगितलं — पोराला थांब म्हणालो होतो, लाईन चालूच होती. मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मी लाल झेंडी दाखवली होती."

वायरमनच्या खऱ्यावर माझं खोटं चपखल बसलं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. शिकलेला पोरगा, झेंडी बघणारा एकच माणूस, आणि तो बेशुद्ध. परवान्याची अट मामांनी मोडली असं ठरलं. त्याच साखर कारखान्यात त्यांना कायम घेणार होते, ते राहिलं. मामी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या.

शुद्धीवर आल्यावर मामा म्हणाले, "हिरवी होती रं." मी खाली बघितलं. "न्हाई मामा. लाल होती." त्यांनी डाव्या हातानं डोळे चोळले. मग म्हणाले, "हाव. तू कशाला खोटं सांगशील. ऊन लई होतं. डोळ्यानंच दगा दिला माझ्या."

हे मी केलं. हात गेला तो एका क्षणात गेला. हे मात्र मी त्यांच्या तोंडाकडे बघत केलं.

पुढं मीच त्यांना लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं — होय, मीच. डॉक्टर म्हणाले, नजर स्वच्छ आहे, रंग नीट कळतात. बाहेर आल्यावर मामा हसले. "सावलीत बसवून बघतोय त्यो. उन्हात उभा करून बघितलं का?"

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. मधे एका सुट्टीत घरी गेलो होतो. मामा अंगणात बसून डाव्या हातानं मिरच्या निवडत होते, हिरव्या एकीकडे, पिकून लाल झालेल्या दुसरीकडे. एक मिरची त्यांनी उन्हात धरली, जवळ नेली, लांब नेली. मामी म्हणाल्या, रोज असंच करतात, स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत, शेजारच्या लेकरांना विचारत बसतात. मला बघून मामांचं तोंड उजळलं.

"ये, बरा आलास. ही कंची हाय रं? तू सांग. तू सांगितलं म्हंजे झालं."

मिरची हिरवीगार होती.

"हिरवी," मी म्हणालो.

"मलाबी हिरवीच दिसून राहिली," मामा म्हणाले, आणि मी सांगितलं म्हणून ती हिरव्यांत टाकली.